बाराचा भोंगा
सीमेवर लढाई झाली आणि आमच्या तालुक्याच्या गावाला नागरी संरक्षणाची कचेरी मिळाली. कचेरी म्हणजे तहसिलीमागची एक खोली, वाळूच्या लाल बादल्या, एक स्ट्रेचर आणि हातानं फिरवायचा भोंगा. मी तिथला कारकून. भोंगा फिरवायला एक शिपाई होता. त्याची नेमणूक सरकारी अनुदानाबरोबर यायची आणि त्याच्याबरोबरच जायची, म्हणून मार्च जवळ आला की त्याचा जीव टांगणीला. रोज सकाळी विचारायचा, "बाबूजी, वरून काही आलं का?" नाही म्हणून म्हणून माझं तोंड दुखायचं.

लढाई संपली. बुलढाण्याच्या घाटाखाली बॉम्ब टाकायला विमान येईल असं लढाई चालू असतानाही कोणाला वाटलं नव्हतं. मग जिल्ह्याहून विचारणा सुरू झाली, साहित्याचा वापर किती होतो? वापर नाही तर अनुदान नाही. आमचे साहेब हुशार. आठवड्याला एक चाचणी असा नियम होता, त्यांनी रोज दुपारी बाराला भोंगा वाजवायचा हुकूम काढला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. एकदा गावाला सवय लागू द्या, मग बंद करायची कोणाची छाती होते ते बघू."

सवय लागलीच. कापसाच्या जिनिंगचा स्वतःचा भोंगा वाफेचं इंजिन गेलं तेव्हापासून मुका होता. तिथल्या बाया आमच्या भोंग्यावर भाकरी सोडू लागल्या. मोताळ्याकडून कापूस घेऊन आलेले गाडीवान बैलांपुढं कडबा टाकत. मास्तर पोरं सोडत. चाचणी धोक्याच्या इशाऱ्याची दाखवायची, म्हणून सूरही धोक्याचाच, चढणारा-उतरणारा. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. शिपाई तर खूश होता. त्याची बायको त्याच जिनिंगमध्ये कामाला. "बाबूजी, अख्खं गाव माह्या हातावर जेवते," असं म्हणायचा.

ऐन कापसाच्या दिवसांत, जेवणवेळेच्या जरा आधी, एक गाडीवान धापा टाकत कचेरीत आला. जिनिंगले आग लागली म्हणाला. शिपाई दाराकडे धावला. बायको आत होती त्याची. मीच त्याला अडवलं आणि म्हटलं, आधी भोंगा फिरव, गाव गोळा होईल. मला खरंच तसं वाटत होतं. तो मागे फिरला आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवू लागला.

मी बाजारात पोचलो तर लोक हात धूत होते. एकानं फडकं सोडून मांडी घातली होती. "आज लवकर वाजला," तो शेजाऱ्याला म्हणाला. मी बोंबलत सुटलो, आग, आग. काहींनी उठून धुराकडे पाहिलं, काही माझ्याकडेच पाहत बसले. मागून तो भोंगा चालूच होता. असा संताप मला आयुष्यात पुन्हा आला नाही, आणि तो काढावा कोणावर?

बादल्या पोचेपर्यंत कापसाची गंजी आणि टिनाचं छप्पर दोन्ही गेलं होतं. माणसं वाचली. शिपायाच्या बायकोचा उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला, तो पुन्हा कामाचा राहिला नाही. दवाखान्यात ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचा भोंगा झाला म्हणून बसलो. धूर दिसला, तं वाटलं कोणी कचरा जाळून राह्यलं."

साहेबांनी वर कळवलं की भोंगा तत्काळ वाजला. ते खोटं नव्हतं. जिल्हा प्रसन्न झाला, अनुदान चालू राहिलं आणि त्याच मार्चला शिपायाची जागा कायम झाली. इतकी वर्षं त्याला नाही म्हणत आलो होतो, म्हणून हुकूम मी स्वतः घरी घेऊन गेलो. तो चुलीपुढं भाकरी थापत होता. बायको भिंतीला टेकून बसली होती.

"पक्की झाली?" त्यानं विचारलं.

"पक्की."

त्यानं भाकरी उलटली. "मंग दुसऱ्या कोणाले द्या बाबूजी. तो भोंगा वाजला की हिले अजून भूक लागते."

दुसऱ्या दिवशी बाराला दांडा मी फिरवला.