सडक्या गोट्यांची प्रतवारी

मी मंगळावरच्या दगडांचा अभ्यास करते असं सांगितलं, की आमच्या गावात लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. पोरगी एवढी शिकली, नोकरीला लागली आणि शेवटी गोटेच बघत बसली. त्यातून तो ग्रह मी दुर्बिणीतला ठिपका सोडून कधी जवळून पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही, हे कळल्यावर तर काही बायका आईचं सांत्वनच करतात. मला राग येतो. तसा मला तो लवकरच येतो. पण खरं सांगायचं तर या कामात मी इतकी सुखात आहे, की तसं सांगायची लाज वाटते.

काम साधारण असं. मंगळाभोवती फिरणारी यानं तिथल्या जमिनीवरून परत आलेला उजेड मोजतात. त्या उजेडातले कोणते रंग कमी पडले, यावरून खाली कोणतं खनिज आहे ते ओळखायचं. बाबा रस्त्यावरूनच बागेकडे बघून फळ तोडीला आलं की नाही ते सांगतात, जवळपास तसंच. मंगळावर काही ठिकाणी काळ्या दगडाची चिकणमाती झालेली दिसते. दगड असा कुजायला पाणी लागतं आणि ते मुरत राहावं लागतं. तिथे ते किती काळ मुरलं, हा माझा प्रश्न. त्यासाठी पृथ्वीवरचा तसाच दगड हवा, कुजण्याच्या सगळ्या पायऱ्यांसकट, एकाखाली एक. आमच्या पांढुर्ण्याकडे काळ्या जमिनीखाली तो पाहिजे तेवढा आहे. फक्त कोणीतरी खोदून दाखवायला पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात भावाने तिगावकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत नवी विहीर खोदायला घेतली. चाळीस फुटांवर हिरवट, भुसभुशीत थर लागला आहे, त्याच्याखाली लाल पट्टा आहे आणि मिस्त्री पार वैतागले आहेत, असं तो फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होता. मी त्याच दिवशी रजा टाकली.

तीन दिवस मी क्रेनच्या बादलीत उभी राहून विहिरीत उतरत होते. दर दोन फुटांना एक थैली, थैलीत खोली लिहिलेली चिठ्ठी. मिस्त्रीकाका वरून गंमत बघत. त्या सडक्या थराने त्यांना आयुष्यभर छळलं होतं, भिंत धरतच नाही म्हणून. त्याच्यासाठी कोणी आगगाडीने येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. शुक्रवारी माझं काम संपलं. सोमवारपासून विहिरीला आतून काँक्रीटची बांधणी होणार होती. ती झाली, की तो थर पुन्हा कोणाच्या नजरेला पडणार नव्हता.

शनिवारी आईला जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेलं. परतताना ती सौंसरला आपल्या भावाकडे थांबली, म्हणजे मीही थांबले. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात बाबा बसले होते. बाह्या वर केलेल्या, समोर संत्र्यांचे तीन क्रेट, खाली वाळलं गवत घातलेलं, आणि त्यात चकचकीत धुतलेले माझे गोटे.

इथे सांगायला हवं, की बाबांनी जन्मभर संत्र्याची प्रतवारी केली आहे. त्यांच्या हाताखालून गेलेली पेटी बाजारात कोणी उघडून बघत नसे. पुसल्याशिवाय, आकाराने लावल्याशिवाय माल गावाबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा नेम. माझ्या मातकट थैल्या त्यांना तीन दिवस सलत होत्या. आम्ही बाहेर पडल्यावर त्यांनी सगळ्या थैल्या एकत्र ओतल्या, काथ्याने घासघासून गोटे धुतले आणि मोठे, मधले, लहान असे लावले. चिठ्ठ्यांचा ओला लगदा बाजूला पडला होता.

"पाहून घे," ते खुशीत म्हणाले. "एक नंबरचा माल अलग करून ठेवला. सडेल होता तो फेकून देल्ला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हात लावायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, इथपासून माझं वर्षाचं काम उकिरड्यावर टाकलंत, इथपर्यंत मी सगळं बोलून घेतलं. शेजारच्यांनी ऐकलं असणार.  बाबांनी तो चिठ्ठ्यांचा लगदा उचलला आणि एकेक कागद सोडवून मांडीवर पसरायला लागले. शाई कधीच धुऊन गेली होती. ते बघून मला माझीच लाज वाटली, पण तोंडातून गेलेलं परत थोडंच घेता येतं.

जेवताना मी त्यांना नीट समजावून सांगितलं. खरं तर हे मी आधीच, निदान दहा वर्षांपूर्वी, सांगायला हवं होतं. दगड कुठे सडला, किती सडला आणि किती खोलीवर सडला, यावरून पाण्याचा हिशेब लागतो. बाबांनी घास हातातच धरला.

"म्हंजे तुले सडेलच पाहिजे होता?"

चांगलाही हवा होता, मी म्हटलं, पण कोणता कोणत्या फुटावरचा ते कळायला हवं होतं. बाबांनी तो घास परत ताटात ठेवला. जन्मभर जे पहिलं फेकलं, तेच मुलीला लागतं, हे पचवणं सोपं नसावं. आईला मात्र हसू आवरेना, आणि मग मलाही. बाबा हसले नाहीत.

हसून काही थर परत मिळणार नव्हते. विहीर फक्त रविवारचा दिवस उघडी राहणार होती आणि रविवारी मिस्त्रीकाका, त्यांची माणसं, क्रेन, सगळ्यांना सुट्टी. विनंती करायची तर बाबा आणि मिस्त्रीकाका विहिरीच्या जागेवरून भांडले होते आणि तेव्हापासून एकमेकांशी भावाच्या मार्फतच बोलत होते. बाबांनी आयुष्यात कोणापुढे नमतं घेतल्याचं मला तरी आठवत नाही. मी बॅग भरायला घेतली.

सकाळी उठले तर अंगणात बाबांची मोटरसायकल नव्हती. आठ वाजता बागेतून क्रेनचा आवाज आला. मी चहा तसाच ठेवून पळाले. बाबा आणि मिस्त्रीकाका विहिरीच्या काठावर शेजारी शेजारी उभे होते. बाबा त्यांच्या दारात काय म्हणाले, ते काकांनी मला नंतर सांगितलं. बायको-पोरांच्या देखत, हात जोडून म्हणाले, "चूक माही झाली. पोरीचं काम बिघडवलं म्या. आजचा दिवस चाल."

दुपारपर्यंत आम्ही सगळा माल पुन्हा काढला. मी खालून खोलीचा आकडा ओरडायची, बाबा वर तो चिठ्ठीवर लिहून, गोटा होता तसा, मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळायचे. एखादं भुसभुशीत ढेकूळ वाटेत फुटलं तर त्याचा भुगाही झाकून आणायला लावायचे. इतक्या काळजीने माझ्या संस्थेतही कोणी नमुने हाताळत नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं आणि विहिरीत आवाजही छान घुमतो, म्हणून मी म्हटलंही.

शेवटची थैली राहिली तेव्हा बाबा म्हणाले, मलाही खाली यायचंय. भावाने, आईने, सगळ्यांनी नाही म्हटलं. मिस्त्रीकाकांनी आपलं हेल्मेट काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

खाली घोट्याइतकं पाणी झिरपलं होतं. बादलीतून उतरल्यावर बाबा वर, आभाळाच्या गोल तुकड्याकडे एकदा बघून घेऊन भिंतीकडे वळले. मी लाल पट्टा दाखवला, त्यावरचा हिरवट थर दाखवला. त्यांनी त्यात नख रुतवलं. चिमूटभर माती निघाली, ती बोटांत चोळून पाहिली.

"इथं पानी किती वर्स मुरलं असन?"

हजारो तरी, मी म्हटलं.

"आन तिथं?"

"तेच तर मोजून राहिली, बाबा."

 भिंतीवरून पाण्याचा एक ओघळ खाली येत होता, त्यावर त्यांनी हात ठेवला.

"लोकं इचारतेत, पोरगी काय करते म्हून," ते म्हणाले. "मी आजवर उगाच हसून देत होतो. मलेच ठाऊक नव्हतं ना. आता सांगतो."

 शेवटची थैली अजून रिकामी होती. मी हातोडा त्यांच्या हातात दिला आणि कुठून फोडायचं ते दाखवलं.