तिसऱ्या ओळीला सुई

इंदूसिस्टरांना शेवटचं इंजेक्शन मी दिलं.
आणि चुकीच्या ओळीला दिलं.

आज वर्ष झालं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. आज सांगून टाकते.

ज्यांना सिस्टर माहीत नाहीत त्यांच्यासाठी: तलासरीच्या पाड्यांवर उभा जन्म पोरांना लस टोचत फिरलेली बाई. मूळच्या डहाणूच्या. गळा असा, की भजन असो, हळद असो, नवरात्र असो, माइक फिरून फिरून त्यांच्याच हातात यायचा.

पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी रिटायर झाल्या. म्हणायच्या, "ठाण्यात लागले, पालघरात सुटले, आणि हलले मात्र तलासरीतून कुठंच नाही."

आम्ही लहान असताना लसीचा निळा डबा दिसला की सगळी पोरं भाताच्या शेतात पळायची. कुणी झाडावर चढायचं. एकदा तर मी कोंबड्यांच्या खुराड्यात लपले होते.

मग सिस्टरांनी युक्ती काढली. डबा मागून, अंगणवाडीच्या बाईंकडे. पुढं स्वतः. गात.

गाणं त्यांचंच, घरचं:

वाडीत चिकू पिकला गं,
पोपट फांदीवर टेकला गं,
चोच मारली, गोड लागला गं...

"चोच मारली" म्हटलं की सुई आत.

दर वेळी फसायचो. आणि पुढच्या वेळी गाणं ऐकू आलं की परत अंगणात हजर. शहाणपण म्हणून नव्हतंच आम्हाला.

चौथी ओळ कुणीच कधी ऐकली नाही. तोवर सगळ्यांनी भोकाड पसरलेलं असायचं.

मी नर्स झाले ती त्यांच्यामुळे. बारावीनंतर फॉर्म घेऊन त्या स्वतः आमच्या घरी आल्या होत्या.

बाबा म्हणाले, "सिस्टर, ही पोर रगत बघून पडते."

"पडू दे. मी पण पडले होते. उठली म्हणजे झालं."

ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी मला समोर बसवलं आणि माझा दंड हातात धरला.

"हे बघ बाय. सुई टोचायला कुणीपण शिकतं. कधी टोचायची ते शिक. पहिल्या ओळीला पोर घाबरलेलं असतं, दंड कडक. दुसरीला ऐकायला लागतं. तिसरीला दंड सैल पडतो, बोटाला कळतं आपल्या. तेव्हा टोच. घाई केलीस तर दुप्पट दुखतं."

एवढंच. पुढं कॉलेजात तीन वर्षं शिकले, पण एवढं कुणी शिकवलं नाही.

रिटायर झाल्यावर आशागडला एका हळदीत त्यांनी हेच गाणं माइकवर म्हटलं. मांडवात सगळी त्यांनी टोचलेली पोरं, आता मिशा फुटलेली. तिसरी ओळ आली आणि निम्म्या मांडवाचा हात दंडावर गेला. अच्छाडचा एक ट्रकवाला, चांगला आडदांड गडी, तोसुद्धा डोळे मिटून उभा.

"आजून दुखतं, सिस्टर," तो म्हणाला.

हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची.

येताना रिक्षात मी विचारलं, "चौथी ओळ काय आहे हो?"

"केलीच नाही गं. तुम्ही बोंबलायचात. ऐकणार कोण होतं?"

मागच्या वर्षी त्या आमच्याच हॉस्पिटलात ॲडमिट झाल्या. माझ्याच वॉर्डात. फुप्फुसं थकली होती. बोलायला श्वास पुरत नव्हता, गाणं तर दूरच.

त्या सकाळी इंजेक्शन घेऊन गेले. त्यांनी स्वतःच बाही वर केली. डोळे मिटले.

"गा."

माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. शेजारच्या बेडचे नातेवाईक बघत होते. डॉक्टरांचा राउंड दाराशी आला होता. मला लाज वाटली.

हो, लाज वाटली. खरं तेच लिहितेय.

"आत्ता राउंड आहे सिस्टर. संध्याकाळी गाते ना."

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. नुसते ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण मला कळलं. स्वतःच स्वतःसाठी म्हणत होत्या. वाडीत चिकू पिकला...

आणि मी टोचली. पहिल्याच ओळीला. घाईत.

दंड कडक होता. माझ्या बोटाला कळला होता.

त्यांनी डोळे उघडले. रागावल्या नाहीत. पेपर तपासताना बाई बोलतात तसं म्हणाल्या, "लवकर टोचलीस गं."

दुपारी माझी ड्यूटी संपली. संध्याकाळी गाणं म्हणायला म्हणून परत आले, तर बेडवर नवी चादर घालत होते.

स्मशानात कुणा बाईनं ते गाणं सुरू केलं. सगळ्यांनी म्हटलं. तिसरी ओळ झाली आणि सगळे गप्प उभे. पुढचं कुणाला येणार?

मी तेव्हाही गायले नाही. तोंडच उघडेना.

आज सकाळी हॉस्पिटलात लसीकरणाला माझी ड्यूटी होती. एक बाळ आलं, साडेतीन महिन्यांचं, हातपाय झाडत होतं. आई आशागडची, पण माहेर तलासरीचं. बाहेर रांग दारापर्यंत. सगळे बघत होते.

मी गायले. फुटक्या मडक्यानं, मोठ्यानं.

पहिल्या ओळीला बाळ दचकलं. दुसरीला माझ्याकडे बघायला लागलं. थांबले. बोटाला कळेपर्यंत थांबले.

बाळ रडलं, पण थोडंच. मान वर केली तर त्याच्या आईनं स्वतःचा दंड घट्ट धरलेला, आणि डोळ्यांतून पाणी.

"सिस्टरचं गानं," एवढंच म्हणाली.

इंदूसिस्टर, त्या सकाळसाठी मला माफ करा.
आज तिसऱ्या ओळीला टोचली.