युनूसभाईंनी मोजलेली रिंग

युनूसभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत बसलो होतो. त्यांची मुलगी शबाना म्हणाली, "सर, अब्बा गेले," आणि मग माझीच समजूत काढावी तशी, "त्रास नाई झाला काही." त्याला पाच आठवडे झाले. मधल्या काळात चंद्रपुरात शोकसभा झाली आणि एका वक्त्याने या रेडिओ मेकॅनिकला 'थोर शास्त्रज्ञ' करून टाकले. युनूसभाई असते तर म्हणाले असते, "सर, आवाज कमी करा न याचा."

त्यांच्या दुकानात भंगारातून आणलेल्या फेराइटच्या रिंगा डब्यांनी पडलेल्या असत. काळ्या, ठिसूळ रिंगा. त्यांवर तार गुंडाळून वायरलेसच्या एरियलचा ट्रान्सफॉर्मर करायचा. दिसायला बहुतेक सारख्याच, पण जात निराळी. चुकीच्या जातीची रिंग लहरी पुढे पाठवण्याऐवजी स्वतःच तापत बसते, काही समित्यांसारखी. आमच्याकडचे मेकॅनिक रिंग नखाने वाजवून आवाजावरून जात सांगत, आणि युनूसभाई त्यात उस्ताद मानले जात. गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलातल्या एका दवाखान्याच्या वायरलेससाठी त्यांनी अशीच कानाने निवडलेली रिंग लावून दिली. त्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला. एक बाई अडली होती, आणि तिथल्या नर्स मडावीबाई सकाळपासून वायरलेसवर गाडीसाठी हाका देत राहिल्या. आवाज कुठेच पोचला नाही… बाई वाचली, मूल गेले.

युनूसभाई ती रिंग काढून घेऊन आले आणि आठ दिवस दुकान उघडले नाही. मी म्हणालो, केबलमध्ये पाणी गेले असेल. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा माझ्या अंदाजाला वजन होते, पुरावा नव्हता.

पुढे त्यांनी सुटे भाग मागवून हौशी लोक बनवतात तसला नेटवर्क अ‍ॅनालायझर जोडला. लहान-मोठ्या लहरी एकेक करून वस्तूतून पाठवायच्या आणि कुठे काय हरवते त्याचा आलेख काढायचा, एवढेच त्याचे काम. त्याला लागणारा कॉम्प्युटर माझ्या घरी होता. मग तीन वर्षे दर रविवारी ते डबा घेऊन यायचे. प्रत्येक रिंगेवर तारेचे पाच वेढे, आलेख, पुडी, पुडीवर चिठ्ठी. मी बऱ्याचदा कंटाळून आत झोपायला जाई. शेजारचा मेकॅनिक चिडवायचा, "काऊन भाऊ, रिंगांच्या कुंडल्या काढून राह्यले का?"

"लगन लावाच्या आधी पाहा लागते बाबू," ते म्हणायचे. "मी एकदा न पाहता लावलं."

एकदा मी विचारले, "ती दवाखान्यातली रिंग मोजली का?"

"राहू द्या न, सर…"

त्यांच्यात ती मोजायची हिंमत नाही, असे मी समजलो. भेटेल त्याला मात्र 'पावसाचा दोष' सांगत राहिलो. मित्राला निर्दोष ठरवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्या दवाखान्यात गेलो. मडावीबाई आता निवृत्तीला आल्या आहेत. युनूसभाई गेल्याचे त्यांना सांगितले. मी सवयीने म्हणालो, "त्या वेळी त्यांची चूक नव्हती, बाई. केबलमध्ये पाणी…"

"नाई जी सर, रिंगच चुकली होती. भाऊ सोता येऊन सांगून गेले, लई वर्सं झाले. माह्या संगं त्या पोरीच्या घरीबी आले. तिच्या सासऱ्यासमोर खाली बसून सांगितलं त्यायनं."

त्यांनी जुन्या रजिस्टरातून एक कागद काढला. आलेख होता, रेघ जिथे वर राहायला हवी तिथेच कोसळलेली. डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक पांढरी पट्टी कोरी सुटलेली. ती माझ्या प्रिंटरची खोड. मी आत झोपलेलो असताना कुठल्यातरी रविवारी तो छापला असणार.

"मले यातलं काही समजत नाई," मडावीबाई म्हणाल्या, "पण फेकू कसा?" आणि घडीवर घडी घालून त्यांनी तो पुन्हा रजिस्टरात ठेवला.