काम चालू आहे

आमच्या ह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. कुणाकडे गेलो की आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचे, मग घरच्यांना नमस्कार. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर संध्याकाळपर्यंत ह्यांनी ते खोलून टेबलावर पसरलेलं. मी म्हटलं, "अहो, चालू होतं ना ते?" तर म्हणाले, "चालूच होतं. कसं चालतंय ते बघत होतो." असा माणूस दिवसभर घरात म्हणजे माझ्या डोक्याला ताप.

लेकीने तो ओळखला असावा. नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर तिने ह्यांच्या हवाली केला. आत विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं होतं. तिचं म्हणणं, त्यातलं सगळं साध्या मजकुराच्या फायलींत असतं, उघडून बघता येतं, आणि बाबांना तेच तर हवं असतं. जाताना एक नियम शिकवला. फाइलमधली ओळ बदलायची तर मूळची पुसायची नाही. तिच्या पुढे खिडकीच्या गजांसारखं दिसणारं ते हॅशचं चिन्ह टाकायचं. यंत्र ती ओळ वाचत नाही, पण ओळ आपल्या जागी राहते. हे एकदम खूश. वायर कापायची नाही, नुसती सोडवून बाजूला ठेवायची, हा ह्यांच्या धंद्यातलाही नियम होता.

आणखी एक सोय तिने केली होती. काही अडलं तर तिला तिकडे बसून आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरता यायचं. पहिल्यांदा त्याचा आवाज गेला तेव्हा ती फोनवर म्हणाली, "हात लावू नका बाबा, मी येते." आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. हे हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे बसले. बाण इकडून तिकडे जात होता, काही उघडत होता, काही मिटत होता. मी चहा घेऊन खोलीत शिरले, तर मला खुणेने हळू यायला सांगितलं.

"ती आलीय," म्हणाले.

खरं सांगते, मलाही क्षणभर दुसरी खुर्ची पुढे ओढावीशी वाटली.

त्यानंतर कॉम्प्युटर सारखा आजारी पडू लागला. कधी आवाज नाही, कधी अक्षरं भलतीच उमटतायत, कधी त्यातलं घड्याळ मागे. मी इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केलाय. बिघाडाने वैतागलेला माणूस फोन लावण्याआधी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसत नाही, एवढं मला कळतं. पण मी तोंड उघडलं नाही. मला त्या फायली उघडता येत नाहीत म्हणून, नाहीतर मीही दुसरं काय केलं असतं?

मग लेकीला बढती मिळाली, कामाचा डोंगर आला. एकदा ती म्हणाली, "बाबा, आता मी सगळं पक्कं करून टाकलंय. आवाज, अक्षरं, घड्याळ, काहीही हललं तरी आपलं आपण जागेवर येईल. तुम्हाला त्रास नको." हे "छान छान" म्हणाले, फोन ठेवला आणि कितीतरी वेळ खिडकीशी उभे राहिले.

पुढे फोन यायचे, पण घाईतले. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. कॉम्प्युटर तिच्याच खोलीत होता. हे तो चालू करून समोर बसायचे. बाण जिथल्या तिथे. ताटातलं अर्धं तसंच राहायला लागलं. मी चिडले तर म्हणायचे, "भूक नाही गं." लेकीची आठवण येते असं एकदाही म्हणाले नाहीत. असं बोलायची ह्यांच्या घराण्यात पद्धतच नाही.

एका दुपारी हाक आली, "अगं, जरा इकडे ये." पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं, त्यात इमर्जन्सी असा शब्द. आणि ह्यांचा चेहरा पार उतरलेला. हे सोंग नव्हतं.

"तिला फोन लावा ना," मी म्हटलं.

"लावून काय करू? यंत्रच उठत नाही, तर ती शिरणार कुठून?"

शेवटी मीच लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडे सकाळ होती, ती कामाला निघाली होती. पडद्यावरचं वाचायला लावलं. हे एकेक अक्षर सुटं करून वाचत होते आणि ती न कंटाळता ऐकत होती. मग तिने पासवर्ड टाकायला सांगितलं, एक फाइल उघडायला सांगितली. यंत्र उठताना कुठली डिस्क कुठे जोडायची, ते त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं म्हणे. ह्यांनी डिस्कचा आकडे-अक्षरांचा लांबलचक नंबर वाचला.

"ह्या ओळीच्या वर काय आहे, बाबा?"

"हॅश आहे. मूळची ओळ."

"आणि तिच्या वर?"

मी चष्मा लावून पुढे वाकले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. लिफ्टच्या स्विचला हात लावण्याआधी हे तीच पाटी टांगायचे, म्हणजे कुणी खालून बटण दाबून वरच्या माणसाचा जीव घेऊ नये. घरातला फ्यूज बदलतानाही पुठ्ठ्यावर लिहून अडकवायचे. आता लबाडी करायला बसले, तरी पाटी लावल्याशिवाय हात चालला नव्हता.

"काम चालू आहे," मीच वाचून दाखवलं.

"बाबा, नंबर तुम्ही बदललात?"

"शेवटचं एकच अक्षर," हे पुटपुटले. "तेवढी एक डिस्क दिसणार नाही असं वाटलं. सगळंच अडेल असं नव्हतं वाटलं."

ती रागावली नाही. बदललेली ओळ पुसायला सांगितली, मूळच्या ओळीपुढचा हॅश काढायला सांगितला. फाइल साठवून ह्यांनी यंत्र परत सुरू केलं. पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि नेहमीचा पडदा आला.

"आलं," हे म्हणाले.

"बघा, तुमच्या हाताने केलंत. आता तुम्हाला माझी गरजच नाही."

ती कौतुकाने म्हणाली, पण ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. माझं डोकं फिरलं.

"गेला तो कॉम्प्युटर खड्ड्यात," मी फोनवर वाकून म्हटलं. "एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही तुला? ह्यांना तो नीट व्हायला नको आहे. ह्यांना तू यायला हवी आहेस. बाण होऊन ये, कशीही ये. मलाही हवी आहेस."



"आई," ती म्हणाली, "तो आवाज जायचा ना, तो एका क्लिकमध्ये परत येतो. मी तासभर लावायचे."

"तासभर काय करायचीस?"

"काही नाही. बाबांनी फायलींना काय नावं दिलीत ते वाचत बसायचे. तुमचे जुने फोटो उघडायचे आणि मिटायचे. घरात असल्यासारखं वाटायचं. मग वाटायला लागलं, मी उगाच त्यांना ताटकळत ठेवतेय. म्हणून सगळं पक्कं करून टाकलं."

ह्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. मी काही बोलायला गेले तर हाताने थांबवलं. मग घसा खाकरून, गिऱ्हाइकाशी बोलायचे त्या कामाच्या आवाजात म्हणाले, "बाळा, रविवारी जरा येऊन प्रिंटर बघशील का?"

"त्याला काय झालंय, बाबा?"

"अजून काही नाही."