स्लाइडवरचा गोल शिक्का

माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्याने मला नोकरीभर छळलं. सिल्वासाच्या आमच्या सरकारी ऑफिसात मी साधी कारकून. पण कुणी निवृत्त झालं की मानपत्र मी लिहायचं, पाण्याच्या माठावरची पाटी मी रंगवायची, साहेबांच्या मुलीच्या वहीचं कव्हरसुद्धा माझ्याच गळ्यात. त्यामुळे नव्वदीच्या सुरुवातीला ऑफिसात ओव्हरहेड प्रोजेक्टर आला, तेव्हा तो कुणाच्या डोक्यावर बसणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

प्रोजेक्टर म्हणजे दिवा असलेली एक पेटी. तिच्या काचेवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवायचा, की त्यावर मार्करने लिहिलेलं भिंतीवर मोठं होऊन दिसतं. त्या कागदाला स्लाइड म्हणतात, हे मला पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेतून कळलं. एका स्लाइडवर एकच मुद्दा, ओळी पाच-सहाच, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे, असंही त्यात होतं. मी ती पुस्तिका दोनदा वाचली. बाकीच्यांनी तिच्यावर चहाचे कप ठेवले.

दिल्लीहून एक मोठे साहेब पाहणीला यायचे होते. प्रत्येक विभागाने एकेका स्लाइडवर आपली मागणी मांडायची होती. आमची मागणी एकच, खानवेलच्या पलीकडच्या पाड्यांसाठी जीप. ती मागत होत्या तिथल्या नर्सबाई. त्यांना आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो. महिन्याचा रिपोर्ट घेऊन त्या खानवेलच्या बसने यायच्या, माझ्या टेबलापाशी बसून आधी दोन ग्लास पाणी प्यायच्या आणि मग बोलायच्या. पाड्यावरची बाई अडली की तिला बाजेवर घालून चौघं डांबरी रस्त्यापर्यंत उचलून आणत. ओढ्याला पाणी असलं तर तिथेच थांबून राहायचं. रस्त्यावर बस मिळाली तर नशीब.

“ताई, जीपचं तेवढं वर लिहा. मोठ्ठ्या अक्षरात,” त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं.

मी हिंदीत एकच ओळ लिहिली, खानवेल के लिए एक जीप चाहिए. खाली छोटी निळी जीप काढली. दारात उभं राहून पाहिलं, लख्ख वाचता येत होतं. स्वतःवरच खूश होऊन मी ती हेडक्लार्कांपुढे नेली.

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब मूळचे कोकणातले. माणूस देवमाणूस, पण आवक-जावक क्रमांकाशिवाय त्यांना घास गिळत नसे. त्यांनी स्लाइड उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. विषय कुठे आहे, विचारलं. संदर्भ कुठे आहे? महोदय कुठे आहे? साहेब म्हणजे काय रस्त्यावरचा माणूस आहे, की त्यांना नुसतं जीप चाहिए म्हणायचं? मी पुस्तिकेतलं सांगितलं. ते म्हणाले, पुस्तिका छापणाऱ्याने सरकारी नोकरी केलेली दिसत नाही.

मग त्यांनी माझ्या स्लाइडला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली, टॅग ओवला आणि ती फायलीला लावून मान्यतेसाठी वर पाठवली. इथेच सगळं चुलीत गेलं. आमच्याकडे फाइल ज्याच्या टेबलावर जाते, त्याने काहीतरी वाढवायचंच. नुसती सही केली तर वाचलंच नाही असं दिसतं ना! एकाने पाड्यांची लोकसंख्या घातली. दुसऱ्याने पंधरा वर्षांचं पर्जन्यमान. तिसऱ्याने मागच्या साहेबांच्या दौऱ्याचा सादर उल्लेख केला. फाइल परत आली तेव्हा मजकूर सव्वीस ओळींचा झाला होता आणि जीप पंचविसाव्या ओळीत, ‘तथा’ या शब्दानंतर उभी होती.

मी चिडले, रडकुंडीला आले, आणि शेवटी मुकाट्याने मुंगीएवढ्या अक्षरात सगळं नव्या स्लाइडवर उतरवलं. निदान जीपखाली लाल रेघ ओढली. त्यावर भाऊसाहेबांनी सही केली, शाईत बुडवून ऑफिसचा गोल शिक्का घेतला आणि ठाप्पकन मारला. बरोब्बर जीपवर. सही-शिक्का खालीच असतो, ते तरी काय करणार!

पाहणीच्या दिवशी हॉल भरलेला दिसावा म्हणून सगळ्या नर्सबाईंना बोलावून मागे बसवलं होतं. खिडक्यांना पडदे लावले, मी मार्कर घेऊन पेटीशी उभी राहिले, दिवा लागला, भिंतीवर आमची स्लाइड उमटली. दिल्लीच्या साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. तेवढ्यात दिव्याच्या उष्णतेने शिक्क्याची शाई पाघळायला लागली. प्लास्टिक शाई पिणार कशी! भिंतीवर जांभळा ओघळ पसरत गेला. आमचे साहेब पर्जन्यमान वाचत राहिले. दिल्लीच्या साहेबांनी घड्याळ पाहून विचारलं, आखिर आपको चाहिए क्या? सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर उत्तर नव्हतं.

मी मागे वळले. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या उठल्या. पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढत पुढे आल्या आणि इंजेक्शनआधी दंड पुसावा तशी ती स्लाइड त्यांनी पुसून काढली. विषय, संदर्भ, महोदय, पाऊस, सगळं कापसात गेलं. भाऊसाहेब अर्धे उठून तसेच राहिले. सिस्टरांनी माझ्या हातातला मार्कर घेतला आणि पाड्यावरच्या घरांच्या भिंतींवर असतात तशी काटकुळी, त्रिकोणी माणसं काढली. चार. त्यांच्या खांद्यावर एक बाज, बाजेवर आडवी बाई.

दिल्लीच्या साहेबांनी जरा वैतागूनच विचारलं, “ये किसकी अर्थी है?”

“अर्थी नहीं साहब,” सिस्टर म्हणाल्या. “डिलिव्हरी के लिए दवाखाने ला रहे हैं. कभी-कभी रास्ते में अर्थी हो जाती है.”

साहेबांनी पेन उघडलं आणि त्या पाड्यांची नावं त्यांना एकेक करून विचारली.

जीप पावसाळ्याआधी आली. भाऊसाहेबांना मात्र फायलीसाठी ती स्लाइड हवी होती. मी ती तशीच जपून ठेवली होती. नेऊन त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सवयीने शिक्का शाईत बुडवला आणि हात वर नेऊन थांबले. स्लाइड जवळजवळ सगळी मोकळीच होती. त्यांनी हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला, बाजेच्या खाली नेला.

“कुठे मारू गो?” त्यांनी हळूच विचारलं. त्यांनी शिक्का रुमालाने पुसून परत डबीत ठेवला.