फ्लॉपीला तेल

कुंडलिकला राग यायला कारण लागायचं नाही. पण अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीला त्याला कारण मिळालं, आणि तेही चांगलं भक्कम.

हा आमच्या अंथुर्ण्याचा. आयटीआयचा टर्नर, बारामती एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात चार वर्षं लेथवर लोखंड कातायला. जाणं-येणं माझ्या राजदूत फटफटीवर, त्यामुळं त्याच्या रागाचा पहिला मान रोज माझ्या पाठीला. त्या वर्षी त्यानं बारामतीत कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि इंटरनेटवरची पानं बनवायच्या नादाला लागला. क्लासात एका मशीनवर दोघं. वाट्याला जेमतेम अर्धा तास. म्हणून तो सगळा कोड आधी लेथशेजारी उभा राहून वहीत लिहायचा. फोरमन दादासो विचारायचे, "काय रं, पोथी उतरवतोस का?" कुंडलिक दात-ओठ खायचा आणि पुढची ओळ लिहायचा.

सहा महिन्यांत त्यानं इंदापूर स्टँडचं वेळापत्रक बनवलं. गाडीच्या नावावर क्लिक केलं की तिचे सगळे थांबे उघडायचे. खरी गाडी वेळेवर यायची नाही, ही यायची. क्लासचे सर दर शनिवारी मशीनमधलं सगळं पुसून टाकत, म्हणून सगळं काम एका फ्लॉपीत. काळी, चपटी, तळहाताएवढी वस्तू. पुढं सरकणारा पत्रा. ती तो रुमालात गुंडाळून ठेवायचा.

पुण्याच्या एका कंपनीनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम दाखवायला बोलावलं, आणि या पठ्ठ्यानं आधीच वर्कशॉप सोडलं. त्याचे वडील गेणबा, म्हणजे आबा, पेटले.

"दिवाळीला पर्मनंट हुणार हुतास! तुझ्या आज्यानं मेंढरं राखली, कातर सोडली न्हाय. मी कोयता सोडला न्हाय. तुझं हत्यार कुठाय आता?"

कुंडलिकनं फ्लॉपी आबांच्या पुढ्यात आपटली. "हे हाय माझं हत्यार!"

आबांनी ती उलटीपालटी केली. "ह्येला धार कुठाय?"

त्यानंतर महिनाभर बापलेक एकमेकांशी बोलले ते फक्त म्हशीच्या मार्फत.

खंडेनवमीला सकाळी मी त्याच्याकडं गेलो, तर कुंडलिक विहिरीवरनं आंघोळ करून ओल्या अंगानंच दारात थिजलेला. आत पाटावर हत्यारं मांडलेली. आज्याची लोकर कातरायची कातर, कोयता, कुऱ्हाड, कुंडलिकचा मापं घ्यायचा व्हर्नियर. आणि मधोमध, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, फ्लॉपी. हळदीकुंकवानं माखलेली.

"ह्ये कुनी केलं?"

"मी," आबा म्हणाले. आवाजात महिन्याभरात पहिल्यांदा गोडी होती. "सगळ्यांसंगं धुतली. पत्रा जरा कुरकुरत हुता, म्हनून दोन थेंब खोबरेल सोडलं. आता बघ कसा सरकतोय."

कुंडलिकनं पत्रा सरकवला. अगदी मऊ सरकला. आतून पिवळं पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं.

"आबा, सहा महिने गेलं माझं ह्यात!"

"आरं, तूच म्हनलास न्हवं हत्यार? हत्याराला तेल लागतंच."

"तुमी महिनाभर म्हशीआडून शिव्या घातल्या, तेच बरं हुतं! परवा पुण्यात काय दाखवू? खोबरेल?"

"खाली ठेव ती," त्याची आई सारजाकाकू म्हणाली. "पुजलेलं शिलंगणाआदी हालवू नये."

"आता हालवून तरी काय हुणार हाय!" त्यानं ती परत पाटावर ठेवली, पण अशी की झेंडूचं फूल चुलीपर्यंत उडालं. क्लासला दसऱ्यापर्यंत कुलूप, म्हणजे वहीतनं पुन्हा उतरवायलाही मशीन नाही. पोळ्या झाल्या, त्यानं ताटाला हात लावला नाही. मी दोन्ही ताटं संपवली, त्याचाही त्याला राग आला.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही पुण्याला. पिशवीत तेलकट फ्लॉपी आणि लेथच्या ऑइलनं काळी झालेली वही. वाटेत आबांचा उद्धार चालू होता, तो हडपसरपर्यंत थांबला नाही.

कंपनी म्हणजे तीन खोल्या आणि पाच मशीन. तिथल्या साहेबानं फ्लॉपी नाकाशी नेली. "अहो, हिला खोबरेलाचा वास येतोय!" आणि तो हसला. शेजारचे दोघंही हसले.

तीन दिवस बापाला शिव्या घालणारा माणूस ताडकन उभा राहिला. "हसायचं काम न्हाय. माझ्या वडलांनी पुजलीय ती. मशीन द्या, हितंच लिवून दाखवतो."

साहेबाचं हसू बंद झालं. कुंडलिकनं वही उघडली आणि दीड तास कीबोर्ड असा बडवला की लोखंड असतं तर वाकलं असतं. शेवटी पडद्यावर इंदापूर स्टँड उघडला. अकलूजची गाडी चुकून भिगवणच्या रकान्यात शिरली होती, तीही त्यानं साहेबाच्या डोळ्यांदेखत काढून जागेवर लावली.

साहेब वहीची पानं उलटत राहिला. "हे सगळं हातानं लिहिलंय? सोमवारपासून या. शिकाऊ म्हणून."

"शिकाऊ!" परतीच्या एसटीत कुंडलिक भिगवणपर्यंत धुमसत होता. "मी काय बोरूनं अ आ काढले का तितं?"

घरी आबा दारातच बसले होते. काही विचारायची हिंमत नव्हती. नुसते त्याच्या पिशवीकडं बघत होते.

"लागली नोकरी," कुंडलिक तुटकपणे म्हणाला.

आबांनी सावकाश मान डोलावली. "तरी मी म्हनत हुतो, तेलाबिगर चालायची न्हाय ती."

कुंडलिक पिशवी माझ्या अंगावर फेकून विहिरीकडं निघून गेला.

पुढच्या खंडेनवमीला त्यानं कामाच्या सगळ्या फ्लॉप्या आधीच आणून माझ्या कपाटात कोंबल्या. आबांसाठी मात्र एक घरी ठेवली. तीच, खोबरेलाच्या वासाची.