देवकाबाईची थाळी

गोंदियाच्या रेल्वेलाइनीपलीकडे एका राईस मिलची चाळ होती. फाटकाजवळची पहिली खोली देवकाबाईची. नवरा मिलीत हमाल होता. तो गेल्यावर मिलचा कारभार पाहणाऱ्या मुनीमजींनी तिला खोली फुकट राहू दिली, ती एका अटीवर. मालकाचं जे सांगणं असेल ते तिनं चाळभर फिरून सांगायचं. लग्नातली पितळी थाळी आणि एक पळी घेऊन ती निघाली की बाया चुलीपुढून उठून दारात यायच्या. उद्या विहीर उपसणार, पाणी भरून ठेवा. थंडी वाढली, म्हाताऱ्यांना ओट्यावर निजवू नका. आवाजाला गोडवा नव्हता, पण तिनं सांगितलेलं खोटं निघत नसे.

पंचावन्न साली दिवाळी सरली, धानाच्या गाड्या येऊ लागल्या आणि मंडईचे दिवस आले. मंडई म्हणजे जत्रा, रात्रभर दंडारीचं नाचगाणं आणि मुख्य म्हणजे घरी पाहुणे. मंडईला माहेरचं कोणी आलं नाही, लेक आली नाही, तर बाईला आपलं कोणी उरलंच नाही असं वाटतं. नेमकं तेव्हाच मुनीमजींनी तिला बोलावलं.

"देवकाबाई, सबको बोल दो. अंगण में शेकोटी नहीं, धान के तणस को आग लग जाएगी. और मंडई के पाहुणे रात में चाळीत नहीं रहेंगे. माल खुला पडा है. जिसने रखा, उसकी खोली गई."

देवकाबाईची लेक सुशिला चिचगडला दिलेली. दोन वर्षं सासरच्यांनी धाडली नव्हती. यंदा निरोप आला होता, मंडईला दिरासोबत येते. पोरगी तिकडे कशी नांदते, हे देवकाबाईला कळलंच नव्हतं. दिवसा दीर बाजूला बसणार. सुशिला खरं बोलायची ती आईच्या गोधडीत शिरल्यावरच. तेवढी एक रात्र तिला हवी होती.

तरी तिनं थाळी वाजवली. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत.

शेवटच्या खोलीतल्या निर्मलाबाईचा भाऊ कामठ्याहून नुकताच आला होता. कढईत त्याच्यासाठी उडदाचे वडे होते.

"माह्या भावाले आता कुठी धाडू वो? स्टेशनवर निजू दे काय?"

"मी नाही म्हणत. मुनीमजी म्हणते."

"थाळी तर तूच वाजवून राहिली ना. तुही सुशिला बी येते म्हणे? पाहतो मी."

भाऊ वडे फडक्यात बांधून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सुशिला आली. मनगटाची हाडं दिसत होती. दीर शालीकराम बोलका. "वहिनीले आमच्याकडं काही कमी नाही," तो म्हणाला. सुशिला पदराचा काठ चुरगाळत हसली. ते हसणं देवकाबाईला आवडलं नाही.

दिवेलागणीला दीर दंडार पाहायला गेला. फाटक लागायची वेळ झाली. देवकाबाईनं लेकीला आत घेतलं आणि कडी घातली.

सकाळी चूल पेटवताना तिला सगळं ठाऊक झालं होतं. जावई तापट, पण त्यानं हात उचलला तेव्हा सासूनंच तो धरला होता. सासू कोठीतून तांदूळ मोजून काढते, वाढताना मात्र मोजत नाही. पहिलं मूल पोटातच गेलं, म्हणून पोरगी वाळली होती. ते कोणी कळवलंच नव्हतं.

निर्मलाबाई घागर घेऊन दारावरून चालली होती. तिनं आत सुशिलाला पाहिलं आणि एक शब्द न बोलता पुढे गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर देवकाबाईला चाललं असतं. तिनं थाळी उचलली.

"ऐका वो! काल राती पहिल्या खोलीत पाहुणी होती. देवकाबाईनं लेक ठेवून घेतली. ज्याले सांगायचं त्यानं मुनीमजीले सांगा!"

सांगायला कोणाला जावं लागलं नाही. मुनीमजी कचेरीच्या पायरीवरच होते.

"शरम नहीं आती? खोली खाली कर!"

"करतो. पोरगी सासरी गेल्यावर करतो."

निर्मलाबाईनं घागर खाली ठेवली. "मंग माही बी खोली खाली, मुनीमजी. मी भावाले बलावून राहिली."

"आन् माह्या नंदेनं काय पाप केलं?" शेजारची गीताबाई म्हणाली.

फाटकाबाहेर धानाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, आणि त्या उतरवणारे हमाल याच बायांचे नवरे होते. मुनीमजी गाड्यांकडे पाहत राहिले, मग "देखेंगे" म्हणून आत गेले.

दुपारी विहीर उपसायची होती. मुनीमजी स्वतःच "पानी भर लो" ओरडत चाळीतून फिरले. एकही दार उघडलं नाही. शेवटी ते पहिल्या खोलीशी आले.

"देवकाबाई, पानी का बोल दो."

"थांबा. पोरगी जेवून राहिली."

ते थांबले. सुशिलानं हात धुतल्यावर देवकाबाई उठली. "अन् पाहुण्यांचं काय सांगू?"

मुनीमजींनी टोपी सारखी केली. "उसका कुछ मत बोलो."

थाळी वाजली. निर्मलाबाई दारात आली.

"पाण्याचं समजलं. पाहुण्यांचं काय?"

"त्याचं काही सांगितलं नाही."

निर्मलाबाई आत गेली आणि तिनं पुन्हा उडीद भिजत घातले.